निदानापासून अठराव्या वर्षापर्यंत: कोणता कागद कधी आणि कुठे

स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक दिव्यांगत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी महाराष्ट्रात सोयी कमी आहेत, हे खरंच आहे. पण ज्या आहेत त्याही हातून निसटतात, कारण त्या चार-पाच खात्यांत विखुरलेल्या आहेत. थेरपी आरोग्य खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, मासिक अनुदान तहसील कार्यालयात, कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०२२च्या डिसेंबरात राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, तरी एका खिडकीवरचा माणूस पुढच्या खिडकीचा पत्ता सांगेल याची आजही खात्री नाही. म्हणून हा क्रम सविस्तर लिहून ठेवतो आहोत.

सगळ्यात आधी एक गोष्ट. थेरपी सुरू करायला दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही. निदानाचा पक्का शिक्कासुद्धा लागत नाही. 'आधी सर्टिफिकेट होऊ द्या, मग बघू' म्हणत जे वर्ष जातं ते दोन ते तीन वयातलं असतं, आणि त्या वर्षाइतका उपयोग पुढे कशाचाच होत नाही.

शंका आली की जायचं ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. लोक त्याला 'डीईआयसी' म्हणतात. २०१३पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं हे केंद्र सहसा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतं. बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि सामाजिक कार्यकर्ता हे सगळे एका छताखाली असावेत अशी त्याची रचना आहे. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असतं. बहुतेक वेळा ते वाचातज्ज्ञाचं. म्हणून निघण्याआधी फोन करून कोण कोणत्या वारी बसतं ते विचारून घ्या. याच कार्यक्रमाची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. त्यांनी चिठ्ठी दिली तर केंद्रात नोंद सोपी होते. पण चिठ्ठी नसली तरी थेट गेलं तर चालतं, आणि केंद्रातल्या सेवा मोफत आहेत.

सोळा ते तीस महिन्यांच्या मुलासाठी 'एम-चॅट' नावाची वीस प्रश्नांची हो-नाही यादी आहे. दोन गुणांपर्यंत धोका कमी, तीन ते सात मध्यम, आठपासून पुढे जास्त. ही चाळणी आहे, निदान नव्हे. तरीही ती भरून बरोबर नेली की डॉक्टरांशी बोलणं मुद्द्यावर येतं. 'बोलत नाही' एवढंच सांगण्यापेक्षा 'हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आपला हात धरून तिथे नेतो' हे सांगणं कितीतरी उपयोगाचं.

बोलण्यात उशीर असेल तर इतर कोणत्याही चाचणीआधी श्रवणचाचणी करून घ्या, मग मूल टीव्हीच्या आवाजाला दचकत असलं तरीही. काही ठरावीक स्वरांपुरतीच श्रवणशक्ती कमी असलेली मुलं मोठ्या आवाजाला प्रतिसाद देतात आणि बोलणं मात्र धड ऐकू शकत नाहीत. आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी 'बेरा' ही श्रवणचाचणी झोपलेल्या मुलावरच होते, आणि तिची तारीख वाया जाते ती इथेच. मूल येताना गाडीत झोपतं आणि मशीनसमोर टक्क जागं असतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, प्रवासात झोपू देऊ नका आणि झोपेचं औषध द्यायचं असल्यास पोट किती वेळ रिकामं हवं ते आधीच विचारा.

खाजगी थेरपी घेणार असाल तर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार करणाऱ्यांची नोंदणी महाराष्ट्रात त्यांच्या वेगळ्या राज्य परिषदेकडे असते. हा क्रमांक पुढे विम्याच्या बिलावरही लागतो. आणि 'स्टेम सेल'ने ऑटिझम बरा होतो असं सांगून लाखांचं पॅकेज कुणी पुढे केलं, तर तिथून निघून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी असा उपचार करण्याची शिफारस नाही. कर्ज काढून तिथे घातलेला पैसा काही वर्षांच्या थेरपीचा असतो.

आता दाखला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्व हे त्यांतले आपल्या कामाचे. बहुतेक योजनांचा उंबरठा ४० टक्के आहे. अर्ज 'यूडीआयडी'च्या म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर ऑनलाइनच करायचा आणि तिथेच रुग्णालय निवडायचं. दाखला आणि कार्ड दोन्ही याच एका अर्जातून निघतात. कार्ड देशभर चालतं. ऑक्टोबर २०२४च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८०च्या दरम्यान पिवळं आणि ८०पासून पुढे निळं कार्ड मिळतं.

अर्ज भरताना होणाऱ्या चुका फार साध्या असतात आणि फार महागात पडतात. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि दोन वर्षांनी नूतनीकरणाला बसलं की खातं उघडत नाही. कायम राहणारा आई किंवा वडिलांचा नंबर द्या. मुलाचं नाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेत तिसरं असतं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. आधी आधार दुरुस्त करा, मगच यूडीआयडीचा अर्ज. नंतर कार्डावरचं नाव बदलायला पुन्हा तेवढ्याच चकरा पडतात. मूल पाच वर्षांचं झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी आधारची बायोमेट्रिक नोंद अद्ययावत करावी लागते. ती राहिली तर खात्यावर येणारं अनुदान कुठलीही सूचना न येता थांबू शकतं. बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची नोंद काही केल्या जमत नसेल, तर आधार केंद्रात 'बायोमेट्रिक अपवाद' म्हणून नोंद करता येते. केंद्रचालकाला ते माहीत नसतं, म्हणून आपणच सांगावं लागतं.

रुग्णालयात एका दिवसात काम होईल असं धरून जाऊ नका. पहिल्या दिवशी केसपेपर आणि तपासणी, दुसऱ्या तारखेला मानसशास्त्रज्ञाची चाचणी, तिसऱ्या तारखेला बोर्ड, म्हणजे दाखला ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ. बोर्डाचे वार ठरलेले असतात. सोबत पोर्टलची पावती, आधार, जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाइड, फोटो आणि आजवरचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून न्या. प्रती दोन संच ठेवा आणि मूळ कागद दाखवून परत घ्या.

चाचणीच्या खोलीत काय होतं, यावर थोडं थांबायला हवं. टक्केवारी तिथे ठरते.

बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्धिमापन चाचणीबरोबर व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापिका वापरतात. तिचं भारतीय रूप नागपूरला डॉ. ए. जे. मालिन यांनी तयार केलं. जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांसाठी तीत ८९ बाबी आहेत: जेवण, कपडे, स्वतःचं आवरणं, संवाद, इकडेतिकडे जाणं, कामात हातभार, मिसळणं. मुलाला कागद-पेन्सिल देऊन ही मापिका भरत नाहीत. उत्तरं बहुतांशी पालकच देतात, आणि गडबड होते ती इथे. 'स्वतः जेवतो का?' असं विचारलं की आई म्हणते, 'हो, जेवतो की!' घास कालवून द्यावा लागतो, समोर बसून आठवण करावी लागते, पाणी ओतून द्यावं लागतं, हे बोलण्यात येतच नाही. लेकराबद्दल कमीपणाचं बोलायला कुणाची जीभ वळत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. पण विचारलेलं असतं ते असं, की रोज, न सांगता, मदतीशिवाय करतो का? एकदा जमलं होतं म्हणजे येतं असं नाही. घरी बसून आठवडाभर वहीत लिहून काढा, कोणत्या कामात किती मदत लागते, आणि ती वही घेऊन जा. वाढवूनही सांगू नका. शाळेचा अहवाल, जुने रिपोर्ट आणि तुमचं सांगणं यांचा मेळ बसला नाही की फेरतपासणी लागते.

दिव्यांगत्व मोजण्याच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत या मापिकेचे गुण आणि टक्केवारी यांचा तक्ता ठरलेला आहे. ५५ ते ६९ गुण म्हणजे सौम्य, ५० टक्के. ३६ ते ५४ मध्यम, ७५ टक्के. २१ ते ३५ तीव्र, ९० टक्के. २०पर्यंत अतितीव्र, १०० टक्के. ७० ते ८४ ही सीमारेषा, तिला २५ टक्के, म्हणजे ४० टक्क्यांच्या उंबरठ्याखाली. ६९ आणि ७० मधला एक गुण किती गोष्टी ठरवतो ते यावरून कळेल.

स्वमग्नतेसाठी 'आयसा' ही चाळीस बाबींची भारतीय मापिका आहे. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण, एकूण ४० ते २००. ७०च्या खाली स्वमग्नता नाही, ७०पासून पुढे ४० टक्के आणि चढत्या क्रमाने अधिक. इथे मूल अर्धा तास डॉक्टरांसमोर शांत बसलं, तर त्याचा त्रास दिसतच नाही. घरातले मोबाइलवर काढलेले छोटे व्हिडिओ न्या. एकाच जागी गोल फिरणं, गर्दीतला आकांत, हात हलवणं, ठरावीक खाणं सोडून दुसरं न खाणं, प्रत्येकी अर्धा मिनिट पुरे.

दाखल्यावर प्रकार कोणता लिहिला आहे ते खिडकी सोडण्यापूर्वी वाचा. स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही असतील तर दोन्हींची तपासणी होऊन बहुदिव्यांगत्वाचा दाखला व्हायला हवा. सोयीखातर एकच लिहून देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. आणि वयाचं लक्षात ठेवा. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या बाबतीत एक ते पाच वर्षांच्या मुलाला 'सर्वांगीण विकासात्मक विलंब' असा तात्पुरता दाखला मिळतो. पाच वर्षांनंतर नाव बदलतं, मग दहाव्या आणि अठराव्या वर्षी नूतनीकरण, आणि अठराव्या वर्षी मिळतो तो कायमचा. मुदत संपण्याआधी तीन-चार महिने अर्ज टाका. दाखला संपलेला आणि नवा हातात नाही, या मधल्या काळात अनुदान, सवलत, परीक्षा सगळंच अडतं. टक्केवारी पटली नाही तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. त्यासाठी नामंजुरीचं कारण लेखी मागून घ्या.

कार्ड हातात आलं की पहिलं काम 'निरामय' या आरोग्यविम्याचं. राष्ट्रीय न्यास ही केंद्राची संस्था १९९९च्या कायद्याने झाली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चारच गटांसाठी ती आहे. तिचा हा आरोग्यविमा वर्षाला एक लाखापर्यंत आहे. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. नूतनीकरणाला अनुक्रमे ५० आणि २५० रुपये. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयानुसार हप्ता वाढत नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही. बाजारातल्या विमा कंपन्या ज्या मुलांना दारातूनच परत पाठवतात, त्यांच्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. रुग्णालयाबाहेरचे उपचार, औषधं, चालू थेरपी, येण्याजाण्याचा खर्चसुद्धा यात बसतो. फक्त प्रत्येक बाबीची वेगळी मर्यादा आहे, म्हणजे लाखभर रुपये थेरपीवरच खर्च होतील असं नाही.

नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या स्थानिक संस्थेमार्फत करणं सोपं. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. फेब्रुवारीत नोंदणी केली तर महिना-दीड महिन्यातच नूतनीकरण येतं आणि ते विसरलं की सगळं पहिल्यापासून. दावे फेटाळले जाण्याची कारणं ठरलेली आहेत. थेरपीच्या बिलावर सत्रांच्या तारखा नसणं, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक किंवा सही-शिक्का नसणं, डॉक्टरांची चिठ्ठी न जोडणं, औषधाच्या बिलावर वडिलांचं नाव असणं. बिल मुलाच्या नावाने हवं. दर महिन्याच्या बिलांचा त्याच महिन्यात दावा करा. वर्षअखेरीला गठ्ठा घेऊन बसलं की जुने कागद मुदतीबाहेर गेलेले असतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महसूल खात्याची. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. ही मर्यादा अन्यायकारक आहे, आम्ही हे जिथे संधी मिळेल तिथे म्हणतो. शहरातल्या सुरक्षारक्षकाचं कुटुंबही यात बसत नाही आणि त्याच्या मुलाच्या थेरपीचा खर्च मात्र सुटत नाही. २०२५मध्ये राज्याने दिव्यांगांसाठीचं मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केलं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रात. सोबत उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, दिव्यांगत्वाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की हप्ता बंद, आणि तो पुन्हा सुरू करून घेणं नव्या अर्जापेक्षा अवघड.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा निधी मागितल्याशिवाय फार क्वचित मिळतो. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि मागच्या वर्षीचा खर्च कशावर झाला ते विचारा. चार पालकांनी मिळून अर्ज केला तर उत्तर लवकर येतं.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेत बौद्धिक दिव्यांग व्यक्ती आणि तिच्यासोबतच्या एका माणसाला द्वितीय, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला दाखला सरकारी डॉक्टरांकडून घ्यावा लागतो आणि 'सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही' हे वाक्य त्यात असावं लागतं. यूडीआयडी दाखवून थेट तिकीट मिळेल असं समजू नका, आधी रेल्वेचं सवलत ओळखपत्र काढा. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. आयकरात जुनी करप्रणाली निवडणाऱ्या पालकांना आजवर ८०-डीडी या कलमाने ओळखली गेलेली वजावट मिळते: ४० टक्क्यांपासून ७५,०००, आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये. खर्चाची बिलं जोडावी लागत नाहीत.

शाळेत प्रवेश नाकारणं बेकायदेशीर आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण प्रवेशावर समाधान मानू नका. मुख्याध्यापकांनी यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीसाठ्यात, मुलाची नोंद विशेष गरजा असलेलं मूल म्हणून, योग्य प्रकारासह केली आहे का, ते पाहा. ती नोंद नसेल तर समग्र शिक्षा अभियानातला विशेष शिक्षक, साहित्य, प्रवासभत्ता यांतलं काहीही त्या मुलापर्यंत येत नाही. दहावीच्या सवलतींसाठी, म्हणजे जादा वेळ आणि लेखनिक यांसाठी, कागदांची तयारी नववीतच करा. लेखनिक मुलाच्या ओळखीचा असावा, आणि सराव परीक्षा त्याच्यासोबतच द्याव्यात. अनोळखी लेखनिकासमोर उत्तर येत असूनही गप्प राहणारी मुलं खूप आहेत.

अठराव्या वर्षी कायद्याच्या नजरेत आईवडील नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँक, मालमत्ता, शस्त्रक्रियेची संमती, सगळीकडे हा प्रश्न एकदम उभा राहतो. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ खाली कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीला आहे. न्यायालयात जावं लागत नाही, वकील लागत नाही. अर्ज नमुना 'अ' मध्ये करायचा. आई, वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. सोबत दाखला, वयाचा पुरावा, फोटो, दुसऱ्या पालकाची संमती आणि मालमत्तेची माहिती. अडचण अशी, की समितीच्या बैठका नियमित होत नाहीत. एखादा कागद कमी पडला तर अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. म्हणून सोळा-सतराव्या वर्षीच स्थानिक नोंदणीकृत संस्थेशी बोलून फाइल तयार ठेवा आणि अठरा पूर्ण होताच दाखल करा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. पालक झालेले लोक हे विसरतात.

पण प्रत्येकालाच पालक नेमायला हवा असं आम्हाला वाटत नाही. जी मुलगी पैसे मोजू शकते, सही करते, डॉक्टरांना दुखणं सांगते, तिला थोडी मदत पुरते. संयुक्त खातं, सोप्या शब्दांत समजावलेला कागद आणि शेजारी बसलेला विश्वासाचा माणूस. २०१६चा कायदाही मर्यादित पालकत्वाचीच वाट दाखवतो, जिथे निर्णय त्या व्यक्तीशी बोलून घेतले जातात. सगळे अधिकार एकदा काढून घेतले की परत देणं कुणाच्या मनात येत नाही. आधी तिला काय कळतं, काय हवं आहे, ते तिला विचारा.

बँकेत न्यास कायद्याखालचं पालकत्वाचं प्रमाणपत्र ग्राह्य आहे आणि रिझर्व्ह बँकेचं तसं परिपत्रक आहे. शाखेत अनेकदा ते ठाऊक नसतं आणि न्यायालयाचा आदेश मागतात. परिपत्रकाची प्रत फाइलला लावून ठेवा, नकार दिला तर तो लेखी मागा.

सरकारी नोकरीतल्या पालकांनी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नोंदीत मुलाचं नाव आणि दिव्यांगत्वाचा दाखला नोकरीत असतानाच दाखल करावा. अपंग अपत्याला आईवडिलांच्या माघारी आयुष्यभर हे वेतन मिळू शकतं. नोंद राहून गेली तर ते सिद्ध करण्याचं काम त्या मुलाच्या भावाबहिणीवर येऊन पडतं, तेही वडील गेल्यावर, कोषागारात जुने कागद शोधत. कार्यालयातून नोंद झाल्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि ती पालकत्वाच्या फाइलमध्येच ठेवा. ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.